फिरता आठवडा

सेंत-ओर्तांस, ११ जानेवारी १९९८

लुक,

वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. सप्टेंबरपासून तू माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलेलं नाहीस, म्हणून तो शब्द सध्या राखून ठेवला आहे. हेही कधी पोचेल देव जाणे. टपाल बंद, फोन बंद, दिवे गेलेले. लष्कराचा एक ट्रक माँट्रियलला परत चालला आहे, त्यातल्या सार्जंटच्या हातात हे कोंबणार आहे.

टोरांटोत बसून टीव्हीवर बघत असशील. टीव्हीत आवाज येत नाही. पाऊस पडतो आणि पडल्या जागी गोठतो, फांदीवर बर्फ साचत जातो आणि मग काचेचं कपाट जिन्यावरून गडगडत यावं तशी ती खाली येते. दिवसभर हेच. विजेचे लोखंडी मनोरे गुडघे टेकून बसले आहेत. ज्यांच्या रसाचा पाक करायची भांडी आपण बनवतो त्या मेपलच्या राया बघवत नाहीत.

मी ठीक आहे. अक्षर वाकडं आलंय ते थंडीने.

कारखान्याचं तू विचारलेलं नाहीस, तरी सांगते. फोन बंद पडायच्या आधी तू कॉनरादला सांगितलंस की आता वसंतातल्या सगळ्या मागण्या रद्द होणार, तेव्हा कारखाना बंद कर. नाहीतरी मार्चअखेर त्या ओंटारियोच्या कंपनीला विकायचाच आहे, उगाच लाकूड कशाला जाळायचं. कॉनरादने कुलूप लावलं. पंचवीस वर्षं मुकादमी केलेला माणूस आहे, सांगितलं की करतो. त्याने कुलूप लावलं हे मी बायबलवर हात ठेवून सांगेन.

त्या कंपनीला आपली गिऱ्हाइकं हवी आहेत, आपला कारखाना नको, हे तुलाही माहीत आहे. यंत्रं ट्रकवर चढतील आणि रस पाझरायच्या दिवसात या गावात पहिल्यांदाच कोणाला काम नसेल. तुझ्या आजोबांनी पाक आटवायचं पहिलं भांडं ज्या जागी ठोकलं तिथे ते फार तर गाड्या लावतील. पण तुझे शेअर, तुझी सही. मी निवृत्त आहे. तूच केलंस मला निवृत्त.

काल तिकडून जाऊन आले. बाहेरून. धुराड्यातून धूर येत होता असं तुला कोणी सांगितलं तर ते धुकं समज.

तुझी आत्या,
जॉर्जेत


२८ जानेवारी

लुक,

सार्जंट भला माणूस निघाला. त्याने तुला फोनही केला आणि बडबडही केली, असं दिसतं. तुझा निरोप कॉनरादने मला वाचून दाखवला. ‘आत्याने कारखाना कोणत्या अधिकाराने उघडला?’

अधिकाराने नाही, किल्लीने. तू सगळ्या किल्ल्या मागितल्यास तेव्हा मी जुडगा दिला. मागच्या दाराची जुडग्यात कधीच नव्हती, माझ्या शिवणाच्या डब्यात असते. तू जुडगा मागितलास.

आता ऐक. नवं भांडं गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी तपासायला आपण ती लाकडाची मोठी भट्टी ठेवतो ना, जी तुला काढून टाकायची होती, कारण ती वर्षातले दहा महिने जागा अडवून बसते? ती या पंधरवड्यात रोज पेटली. त्या धगीभोवती अर्धी आळी येऊन बसली. वाटाण्याचं सूप, डुकराची चरबी घातलेला वाल, मोठ्या कढईतून. फादरनी रविवारची प्रार्थनाही तिथेच घेतली. चर्चमध्ये पवित्र पाणी गोठलं होतं.

आणि कोण कोण आलं म्हणतोस? फर्नांद ल्युसिए आली. तू काढलेली. तिच्याबरोबरचे आणखी सहा-सातजण आले, तेही तूच काढलेले. आल्यावर हात घडी घालून बसतील तर ती माणसं कसली. मोडक्या शेगड्यांची धुराडी दुरुस्त करायला लागली. पत्रा कापायला एक, वळायला एक, बसवायला शिडीवर एक. जो ज्या बाकापाशी मोकळा तो तिथे. वीज नाही, तर पायाने चालणारी जुनी यंत्रं काढली. कोणाला कोणाला काही विचारावं लागलं नाही.

तुझ्या वडिलांचा फिरता आठवडा तुला आठवतो का? मे-जूनमध्ये काम नसायचं तेव्हा दुसरे कारखाने माणसांना घरी पाठवायचे, सरकारी भत्त्यावर. माझा भाऊ आर्मां कोणाला पाठवायचा नाही. दर आठवड्याला प्रत्येकाने दुसऱ्याच्या बाकावर बसायचं आणि त्याचं काम शिकायचं. तू त्याला ‘पगारी सहल’ म्हणालास आणि आल्याबरोबर बंद केलंस. तीस माणसांतली बाराजणं काढलीस. तेव्हा आकडे छान दिसले असतील. दात कोरून पोट भरत नाही, एवढंच मी म्हणाले होते, त्यावरून तू बोलणं टाकलंस.

आणखी एक. अक्षर थंडीने वाकडं नव्हतं. पायरीवर घसरले, उजवं मनगट प्लास्टरमध्ये आहे. हे सगळं डाव्या हाताने लिहिते आहे. लहानपणी मी डावखुरी होते. कॉन्व्हेंटात सिस्टर सेंत-ॲन्सेल्म तो हात रुमालाने पाठीशी बांधून ठेवायची. साठ वर्षं बिनकामाचा होता. बाईंनी तो कापून टाकला नाही हे नशीब.

काळजी करू नकोस. केलीच तर लपवू नकोस.

जॉर्जेत


१९ फेब्रुवारी

लुक,

दिवे आले. लोक आपापल्या घरी गेले आणि मी आता कारखाना बंद करीन असं तुला वाटत असेल. मलाही वाटलं होतं.

पण सोमवारी तेओ गान्यों आला. तो डोंगराकडच्या राईवाला, ज्याने पाक आटवायच्या नव्या भांड्याची मागणी रद्द केली होती. त्याला म्हटलं, आता काय, माफी मागायला आलास? म्हणाला, “बादल्या आहेत का?”

त्याची निम्मी झाडं उभी आहेत. शेंडे गेलेत, पण खोड जिवंत आहे, मार्चात रस येणार. मात्र झाडाझाडांतून ओढलेल्या सगळ्या प्लास्टिकच्या नळ्या मोडलेल्या फांद्यांखाली गाडल्या गेल्यात. त्या उपसायला उन्हाळा जाईल. रस काही उन्हाळ्यापर्यंत थांबत नाही. मग आजोबा करायचे तसं, झाडाला भोक, भोकाला तोटी, तोटीला बादली. आणि बादल्या आता करतो कोण?

त्याच्या पाठोपाठ दुसरा आला, तिसरा आला. मी सगळ्यांना हो म्हटलं. तुझ्या नावाने म्हटलं. तुझ्या नावाला या गावात अजून पत आहे, ती का आहे याचा विचार तू कर.

मी अशी छातीठोकपणे हो का म्हणाले, तर माळ्यावर जुन्या बादल्यांचे ढीग आहेत. तू ते भंगारात घालणार होतास आणि मी शिडीसमोर खुर्ची टाकून बसले होते, आठवत असेल. मी सगळ्यांना माळ्यावर पिटाळलं. बादल्या खाली आल्या, धूळ झटकली, चांगल्या चकचकीत. कॉनरादने एक उचलली, खिडकीपाशी नेली, अंगठ्याने जोड घासला आणि मला म्हणाला, “मामझेल, हे जोड शिशाचे आहेत. यातला रस मी माझ्या नातवाला देणार नाही.”

सगळ्याच तशा. तुझ्या भाषेत सांगायचं तर माझा राखीव साठा म्हणजे विषाचा साठा निघाला. हसून घे. तुझं हसून झालं की पुढचं वाच.

भांड्यांवरच्या वाफेच्या झाकणांसाठी आणलेला ॲल्युमिनियमचा पत्रा मागण्या रद्द झाल्याने तसाच पडून आहे. बादलीचे साचेही आहेत. जोड घालायचं काम येणारा म्हातारा व्हितल गेल्या वर्षी वारला, म्हणून मी डोक्याला हात लावून बसले. तेवढ्यात फर्नांदने त्याच्या बाकावरचं फडकं काढलं आणि आसन उंच करून घेतलं. दोन उन्हाळे ती तिथे फिरत्या आठवड्याला बसली होती. पहिल्या चार बादल्या गळल्या. पाचवीत तिने पाणी भरलं आणि आम्ही सगळे आपापलं सूप थंड होऊ देत त्या बादलीकडे बघत बसलो. एक थेंब नाही.

सगळ्यांना मजुरी मिळेल अशी मी दिलेली हमी चालणार नाही, मी मालक नाही, असं कॉनराद म्हणतो. खरं आहे. पण शेतकरी आगाऊ रक्कम देताहेत आणि मंडळी तेवढ्यावर चालवून घेताहेत. तू बंद कर म्हणालास तर बंद करीन. लेखी म्हण, माझ्या नावाने.

जॉर्जेत


१० मार्च

प्रिय लुक,

पत्र मिळालं. शब्द परत केला आहे, बघ. शिवीगाळ का असेना, सहा महिन्यांनी तुझं अक्षर दिसलं.

बंद कर असं तू म्हटलेलं नाहीस. चार पानं लिहिलीस आणि ते एक वाक्य लिहिलं नाहीस. मी पुन्हा पुन्हा शोधलं.

तुझ्या मुद्द्यांना उत्तरं देते. बादल्यांची मागणी एका हंगामाची आहे, पुढल्या वर्षी सगळे परत नळ्यांवर जातील: मान्य. माळा ही अडगळ होती: मान्य, आणि हे मी पुन्हा लिहिणार नाही. आर्मांच्या शेवटच्या वर्षांत कारखान्यात तीनजण नुसते ऊब खात बसायचे: तेही मान्य, त्यातला एक आपला चुलतभाऊ रॉसेर होता आणि तो आजही कुठेतरी ऊबच खात असेल. असं वादळ शंभर वर्षांतून एकदा येतं, त्यासाठी रोज जादा माणसं पोसायची का, असं विचारतोस. तुझ्या वडिलांच्या हयातीत भट्टीच्या बाजूला आग लागली, रेल्वेचा संप झाला, एकदा पत्राच मिळेना. प्रत्येक वेळी लोक म्हणाले, असं पुन्हा होणार नाही. तसं पुन्हा झालं नाही, खरंच. दरवेळी नवीनच काहीतरी झालं.

तू घट्ट मापाचे बूट शिवून घेतलेस, लुक. दुकानात उभा असताना फार सुरेख दिसतात. मोजे जाड घालायचा दिवस आला की कळतं.

पण तुझ्या पत्रातल्या शेवटच्या परिच्छेदाने माझी झोप उडवली. त्या कंपनीला कळलं की ब्रुईलेतांच्या कारखान्यात दिवसभर काम चाललंय, राईवाल्यांची रांग लागली आहे, आणि त्यांनी भाव वाढवला. म्हणजे आम्ही इथे राबलो ते वासराला लठ्ठ करायला, खाटकाला जास्त आवडावं म्हणून. मी हे फर्नांदला सांगितलं. न सांगणं जमलं नाही. तिने काम न थांबवता विचारलं, “मग आता वाईट बादल्या करायच्या का?”

कोणी एक बादली वाईट केली नाही. मला वाटलं, हे तुला कळायला हवं.

सही एकतीसला, असं लिहिलं आहेस. त्याआधी एकदा ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर.

तुझी आत्या


२९ मार्च

प्रिय लुक,

तू काल आलास त्याबद्दल आपण बोललो नाही, म्हणून लिहिते.

तू दारात उभा राहिलास तेव्हा मी लाकडांच्या ढिगामागे होते. लपले नव्हते, लाकडं मोजत होते. त्यामुळे सगळं ऐकलं.

फर्नांद म्हणाली, “दार लावा, ऊब जातेय.”

तू म्हणालास, “मी लुक ब्रुईलेत.”

“माहीत आहे. दार लावा.”

कॉनराद तापाने घरी, आणखी दोघं तशीच आजारी, गान्योंचा ट्रक अंगणात उभा. मला धास्ती होती की तुला रिकामी बाकं दिसतील आणि तू म्हणशील, बघा, एवढ्यावर कारखाना चालतो होय. पण बाकं रिकामी नव्हती. तोट्या करणारी बाई जोडांवर गेली होती, पत्रा कापणारा तळ बसवत होता. फक्त कड्या बसवायच्या बाकावर कोणी नव्हतं. फर्नांदने तिकडे मानेने दाखवलं आणि विचारलं, “येतं का अजून?”

तू कोट काढलास. तो कुठे ठेवावा ते तुला कळेना, मग बादलीत ठेवलास. कॉलेजच्या सुट्ट्यांत तुझ्या बापाने तुला त्याच बाकावर बसवलं होतं आणि तू जेवणावरून उठून जायचास, माझं आयुष्य वाया चाललंय म्हणून.

ट्रक भरेपर्यंत तू मान वर केली नाहीस. मग वालाची थाळी घेऊन फर्नांदच्या समोर बसलास. तू तिला जे विचारलंस ते विचारायला धीर लागतो, एवढं श्रेय तुला देते.

“मी तुम्हाला काढलं होतं. मग का आलात?”

“घरात थंडी होती,” ती म्हणाली. तिने पाव सुपात बुडवला. “आणि जोड घालणारं दुसरं कोणी नव्हतं. तुमच्या वडिलांनी मला ते बाक शिकवलं तेव्हा मी कुरकुर केली होती. माझं काम मला येतं, दुसऱ्याचं कशाला? पगार घेऊन शिकत होते आणि वर कुरकुर.” मग तिने तुझ्या ताटाकडे बघितलं. “आणखी घ्या. वाल उरलाय. मामझेल नेहमी जास्तच शिजवतात.”

मला घरी सोडलंस तेव्हा दारात म्हणालास, कड्या बहुतेक तिरक्या बसल्या असतील. मी म्हटलं, काही बसल्यात, फर्नांद सरळ करेल. आपलं एवढंच संभाषण.

परवा सही आहे, म्हणून हे जलद टपालाने पाठवते आहे. मी विनवणी करणार नाही. सिस्टरांनी आम्हाला प्रार्थना शिकवली, स्पेलिंग शिकवलं, कपड्यांच्या घड्या शिकवल्या. विनवणी त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हती. पण तू ज्यांना विकतो आहेस त्यांच्या कारखान्यात एकदा आत जाऊन उभा राहा. ऑफिसात नको. बाकांपाशी.

जॉर्जेत


१५ एप्रिल

प्रिय लुक,

तुझं पत्र ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी आलं. मी ते उभ्यानेच फोडलं. मग बसले.

तर तू आत गेलास. सहीच्या आधी हट्टाने गेलास, आणि तिथे पट्टा थांबलेला होता, कारण तो चालवणारा एकुलता एक माणूस तापाने घरी होता आणि तीन मॅनेजर त्याच्या बायकोला फोन करत होते. त्यांच्याकडेही बादल्यांच्या मागण्या येऊन पडल्या होत्या म्हणे. पत्रा मोजूनमापून आणलेला, माणसं मोजूनमापून ठेवलेली, आणि मालकाने तुला अभिमानाने सांगितलं की आमच्याकडे काहीही वाया जात नाही. तू लिहितोस की त्या वेळी तुला स्वतःचाच आवाज ऐकू आला. मी त्यावर काही बोलत नाही. मी बोलत नाही हे नोंदवून ठेव.

सही केली नाहीस. हे वाक्य मी दोनदा वाचलं आणि मग कॉनरादला वाचायला दिलं, कारण माझा चष्मा ओला झाला होता.

तुझ्या अटी. फिरता आठवडा परत, पण दोनच आठवडे, पूर्वीसारखे सहा नाहीत: मी चार म्हणेन, तू तीन म्हण. काढलेल्यांपैकी सहाजण परत, सगळे बारा नाहीत: मला रॉसेर नकोच आहे, तेव्हा पटलं. पत्रा एका हंगामाला पुरून थोडा उरेल इतका, आणि माळा पूर्ण रिकामा: कॉनरादने कालच भंगारवाल्याला बोलावलं. मी खुर्ची टाकली नाही. तोट्यात न जाता हे किती वर्षं चालेल ते दरवर्षी तपासायचं: तपास, मालक तू आहेस. मागच्या दाराची किल्ली या पत्रात घातली आहे. पाकीट जाड लागतंय ते त्यामुळे.

राईवाल्यांचं एक सांगायचं राहिलं. रस बेताचाच आला, पण ज्यांनी बादल्या नेल्या त्यांचा पाक झाला; बाकीच्यांची झाडं नुसती रडली. गान्यों म्हणतो, उन्हाळ्यात नळ्या नव्याने घालायच्या त्या आपल्याकडूनच, आणि त्याचे शेजारीही तेच म्हणतात. भांड्याची मागणीही त्याने परत दिली आहे. नळ्यांसाठी कोण बसेल याची चर्चा आतापासून सुरू आहे.

तुझं पत्र मी कारखान्यात सगळ्यांसमोर वाचून दाखवलं, अटींसकट. टाळ्या वगैरे कोणी वाजवल्या नाहीत, आपल्याकडे तशी पद्धत नाही. कोणीतरी भट्टीत लाकूड घातलं. मग फर्नांदने विचारलं, “म्हणजे आता मला सोमवारी सुट्टी हवी असेल तर ती कोणाला मागायची? तुम्हाला की त्याला?”

मी म्हटलं, त्याला.

तर तिला सोमवारी सुट्टी हवी आहे, बहिणीच्या मुलीचं लग्न आहे. काम भरपूर आहे. तिच्या बाकावर बसू शकतील अशी सध्या तिघं आहेत. उत्तर तू दे.

तुझी आत्या,
जॉर्जेत